तारीख नसलेल्या वस्तूंचं वय

आम्हा कारकून मंडळींना तारीख नसलेल्या कागदाची फार चीड. अर्ज आहे, सही आहे, शिक्काही आहे, पण तारीख नाही. कागद फेकून तर देता येत नाही. अशा वेळी कचेरीतल्या एखाद्या मुरलेल्या कारकुनाला विचारावं. तो कागद वाचायच्या आधी फाईल उघडतो आणि हा कागद कुठल्या दोन कागदांच्या मध्ये लावलेला आहे ते बघतो. आधीच्या पत्रावर मार्चचा आवक शिक्का आहे, नंतरच्या टिपणीवर जूनची सही आहे, म्हणजे आपला बिनतारखेचा कागद मार्च ते जून यांच्या मधला. पुढे तो फाईलची दोरी आणि पानांचे क्रमांक तपासतो. कुणी फाईल सोडून पुन्हा बांधलेली असेल तर कागदाच्या जागेवर भरवसा ठेवता येत नाही. आणि शेवटी मजकूर वाचतो. एप्रिलमध्ये निघालेल्या परिपत्रकाचा उल्लेख त्यात असेल, तर तो कागद एप्रिलच्या आधीचा असणं शक्यच नाही.

पुरातत्त्वज्ञ जमिनीत जे करतात ते याहून फार वेगळं नाही. जमिनीतून निघालेल्या खापरावर तारीख नसते, दगडी कुऱ्हाडीवर नसते, मण्यावर नसते. तरीही संग्रहालयात प्रत्येक वस्तूखाली पाटी असते : अमुक शतक, तमुक काळ. हे कुणी ठरवलं, कसं ठरवलं, हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात येतो आणि पुढच्या दालनात गेल्यावर विसरला जातो. आज त्याबद्दलच थोडं लिहावं म्हणतो.

वय सांगण्याच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे साल सांगणं. दुसरी म्हणजे थोरलं कोण आणि धाकटं कोण ते सांगणं. आपल्या आज्या-पणज्यांना जन्मतारखा ठाऊक नसत, पण 'गोवा मुक्त झाला तेव्हा हा रांगत होता आणि त्याची बहीण शाळेत जायला लागली होती' हे त्या ठामपणे सांगत. या दुसऱ्या पद्धतीला पुरातत्त्वात सापेक्ष कालमापन म्हणतात. आज कार्बनची चाचणी सगळ्यांना ऐकून माहीत आहे, पण ती विलर्ड लिबी यांनी शोधली १९४९ च्या सुमारास. त्याआधी शंभरेक वर्षं पुरातत्त्वज्ञ काम करतच होते, आणि ते सगळं काम उभं होतं आधी-नंतरच्या हिशेबावर. आजही खणताना पहिला हिशेब तोच मांडावा लागतो, कारण कार्बनच्या चाचणीला कोळसा किंवा हाड पाठवायचं तर तो कोळसा कुठल्या थरातला हे आधी ठरलेलं असावं लागतं.

या हिशेबाचा पहिला नियम आपल्या अंगणातच आहे. पाऊस सरला की अंगण चोपायचं, वर माती घालायची, शेणानं सारवायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अशी पन्नास वर्षं गेली की अंगण चांगलंच उंचावतं, उंबऱ्याची पायरी बुडते. ते अंगण सुरीनं कापून बघितलं तर पातळ पातळ थर एकावर एक दिसतील. सगळ्यांत खालचा सगळ्यांत जुना, वरचा कालपरवाचा. खडकांच्या बाबतीत हा नियम निकोलस स्टेनो या डॅनिश विद्वानानं १६६९ साली लिहून ठेवला. माणसाच्या वस्तीलाही तो लागू पडतो. घरं पडतात, त्यांच्या ढिगाऱ्यावर नवी घरं उभी राहतात, चुलीतली राख, फुटकी मडकी, केरकचरा साठत जातो आणि गावाखाली पांढरीचं टेकाड तयार होतं.

ज्ञानेश्वरांमुळे आपल्याला ठाऊक असलेलं नेवासं घ्या. तिथं प्रवरेकाठच्या टेकाडावर १९५४ पासून डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. वरच्या थरांत मुसलमानी आणि मराठा काळाचे अवशेष, त्याखाली सातवाहन काळ, त्याखाली ताम्रपाषाणयुगातली जोर्वे पद्धतीची तांबडी, काळ्या नक्षीची भांडी, आणि नदीच्या जुन्या दगडगोट्यांच्या थरांत अश्मयुगातली हत्यारं. १९६० मध्ये निघालेल्या अहवालाच्या नावाचाच अर्थ 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' असा आहे. खणणारा माणूस इतिहास उलटा वाचत जातो, शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे.

आता कुणी म्हणेल, हे सोपंच आहे की! खोल ते जुनं, उथळ ते नवं. फूटपट्टी घेऊन खोली मोजली की झालं. इथंच तर खरी मेख आहे.

समजा, त्याच अंगणात कुणी माड लावण्यासाठी खड्डा खणला. चार फूट खाली गेला. माड काही जगला नाही, खड्डा केरकचऱ्यानं भरला. त्या केरात मुलाच्या हातातला प्लास्टिकचा खेळणा पडला. शंभर वर्षांनी खणणाऱ्याला चार फूट खोलीवर, पणजोबांच्या काळच्या थराच्या पातळीत, प्लास्टिक सापडणार! खड्ड्यातल्या वस्तूचा काळ तो खड्डा जिथून खणायला सुरुवात झाली त्या थरावरून धरायचा, त्याच्या तळावरून नव्हे. घुशीची बिळं, मुळांच्या वाटा, विहिरी, पाया काढण्याचे चर, हे सगळे असेच घोटाळे करतात. शिवाय वस्तीचं टेकाड सपाट नसतं, उतरतं असतं. टेकाडाच्या माथ्यावर दहा फूट खोल असलेला थर कडेला दोन फुटांवर येतो. सारखी खोली म्हणजे सारखा काळ, असं मानलं की हिशेब बिघडलाच.

मोहेंजोदडोला १९२० च्या दशकात मोठी उत्खननं झाली. जगाला सिंधू संस्कृती दिसली ती त्या कामामुळं, त्याचं मोल मोठंच आहे. पण तिथं वस्तूंची नोंद बरीचशी ठरावीक पातळीपासूनच्या खोलीनुसार केली होती. १९४४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून मॉर्टिमर व्हीलर आले. हा माणूस तोफखान्यातला अधिकारी, शिस्तीचा कडक. त्यांनी या पद्धतीवर सडकून टीका केली. त्यांचा आग्रह असा की मातीचा रंग, पोत, कठीणपणा बघत थराच्या कलाकलानं खणायचं. चौकोनी खड्डे घ्यायचे आणि मध्ये न खणता बांध सोडायचे, म्हणजे बांधाच्या उभ्या कडेवर सगळे थर डोळ्यांना दिसत राहतात. प्रत्येक थराला क्रमांक द्यायचा, त्याची चिठ्ठी त्या कडेवर टोचायची, आणि सापडलेलं प्रत्येक खापर त्या थराच्या क्रमांकासह पिशवीत घालायचं. कारकुनी काम हो! पण या कारकुनीवरच पुढचं सगळं शास्त्र उभं राहिलं.

थर कळला, पुढं काय? थरात सापडलेल्या वस्तूंकडून थराला वेळेची हद्द घालून घ्यायची. यात नाणं सगळ्यांत उपयोगी, आणि सगळ्यांत फसवंही. आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. पोर्तुगीज राजवटीनं गोव्यात रुपयाच्या जागी एस्कुदो आणला तो १९५८ साली. त्या नाण्यांवर साल छापलेलं असे. एखाद्या घराच्या जमिनीखाली न उकरलेल्या थरात १९५८ चा एस्कुदो मिळाला, तर ती जमीन १९५८ च्या आधी घातलेली नाही, हे नक्की. पण ती १९५९ मध्येच घातली असं म्हणता येईल का? नाही. मुक्तीनंतर कितीतरी वर्षं घराघरांत आजीच्या डब्यात ही नाणी पडून होतीच. १९७५ साली जमीन घालतानाही एखादं घरंगळलं असेल. म्हणजे नाणं फक्त एक बाजू पक्की करतं : 'याच्या आधी नाही'.

दुसरी बाजू वरून पक्की करावी लागते. जुने गोवेंतल्या सेंट ऑगस्टीन चर्चचं उदाहरण घ्या. आज तिथं उंच मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. त्या चर्चचं घुमटाकार छत कोसळलं १८४२ साली. त्या ढिगाऱ्याखाली जे काही नंतर कुणी हात न लावता दबून राहिलं असेल, ते १८४२ च्या आधीचं. एक हद्द खालून, एक हद्द वरून, आणि वस्तू त्या दोघींच्या कैचीत. पुरातत्त्वज्ञाचं निम्मं आयुष्य ही कैची लहान लहान करण्यात जातं.

पण जिथं थरच नाहीत तिथं काय करायचं? ही अडचण आली फ्लिंडर्स पेट्री यांना. १८९४-९५ च्या हंगामात त्यांनी इजिप्तमध्ये नकादा इथं हजारोंच्या संख्येनं कबरी उघडल्या. वाळवंटातल्या सुट्या सुट्या कबरी, एक दुसरीच्या वर नाही. लेख नाहीत, राजांची नावं नाहीत. नुसती मडकी. पेट्रींच्या लक्षात आलं, की कबर ही बंद पेटी आहे. तिच्यात ठेवलेल्या वस्तू एकाच दिवशी जमिनीत गेल्या. तेव्हा कुठली मडकी कुठल्या मडक्यांसोबत येतात आणि कुठल्यांसोबत कधीच येत नाहीत, हे बघितलं तर कबरींची रांग लावता येईल. त्यांनी सुमारे ९०० कबरी निवडल्या, प्रत्येकीसाठी कागदाची एक पट्टी केली, तीत मडक्यांचे प्रकार लिहिले, आणि त्या पट्ट्या खालीवर करत बसले. सारखेपणा जास्त तितक्या पट्ट्या जवळ जवळ.

रांगेची दिशा ठरवायला त्यांच्या मदतीला आली एक नागमोडी कानाची बरणी. एका टोकाच्या कबरींत ही बरणी पोटाळी असे आणि तिचे कान धरून ती उचलता येई. पुढे पुढे बरणी सडपातळ होत गेली, कान आक्रसत गेले, आणि शेवटी कानांच्या जागी नुसती एक नागमोडी रेघ उरली. कोटाच्या बाहीवरची बटणं बघा, आज ती बहुधा उघडतही नाहीत, पण शिंपी लावतोच. उपयोग संपतो, सवय उरते. शिवाय त्या टोकाच्या सरळसोट बरण्या इजिप्तच्या पहिल्या राजवंशाच्या काळातही सापडत होत्या, म्हणजे ते टोक अलीकडचं हे बाहेरूनही पक्कं झालं.

पेट्रींनी आपल्या रांगेला क्रमांक दिले ते ३० ते ८०. एक ते एकोणतीस मोकळे! याहून जुनं काही पुढं सापडलं तर त्याला जागा हवी, हा हेतू. आवक नोंदवहीत मागाहून येणाऱ्या पत्रासाठी ओळ सोडणाऱ्या माणसाला या पेट्रींविषयी आपुलकी वाटल्याशिवाय राहणार नाही. आणि खरंच, १९२० च्या दशकात बदारी इथं नकादाच्याही आधीची संस्कृती सापडली आणि ती त्या मोकळ्या जागेत जाऊन बसली.

आता या सगळ्या युक्त्या एकत्र वापरून केलेलं एक काम बघू. ते आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं आहे आणि त्याची सुरुवात होते पुदुच्चेरीजवळ.

१९४४ साली महासंचालक झाल्यावर व्हीलर मद्रासच्या संग्रहालयात गेले असता एका कपाटात त्यांना मातीच्या मोठ्या सुरईची मान आणि कान दिसला. रोमन लोक दारू आणि तेल भरून पाठवायला जी अँफोरा नावाची सुरई वापरत, तिचा तो तुकडा होता. कुठून आला? अरिकमेडूहून. पुदुच्चेरीच्या दक्षिणेला अरियांकुप्पम नदीकाठचं हे ठिकाण, त्या वेळी फ्रेंच हद्दीत. व्हीलरना दक्षिण भारताची सगळी प्राचीन खापरं दिसत होती, पण त्यांतली कुठली कधीची हे सांगायला एकही खुंटी नव्हती. ती खुंटी इथं मिळेल असं त्यांना वाटलं, आणि १९४५ मध्ये त्यांनी तिथं खणायला घेतलं.

खुंटी मिळाली. इटलीत अरेझ्झो गावी एके काळी लाल चकचकीत, नक्षीदार ताटल्या-वाडगे बनत. काहींच्या तळावर कुंभाराच्या नावाचा शिक्का असे. युरोपात ही भांडी इतक्या ठिकाणी सापडली आहेत, की ती कधी बनू लागली आणि कधी बंद झाली हे तिकडं चांगलंच ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला तो धंदा आटोपला होता. ही अरेटाईन भांडी अरिकमेडूच्या थरांत मिळाली, शिक्क्यांसकट. आणि त्यांच्या संगतीला सापडली एक देशी थाळी : करड्या-काळ्या रंगाची, पातळ, आतल्या तळावर बारीक दातेरी खुणांची वर्तुळं असलेली. हिला रूलेटेड भांडी म्हणतात.

इटलीतलं भांडं भारतातल्या प्रत्येक टेकाडात थोडंच मिळणार? पण ही रूलेटेड थाळी पुष्कळ ठिकाणी मिळते. म्हणजे अरेटाईनचा काळ माहीत, ती रूलेटेडची सोबतीण, मग रूलेटेडचा काळ कळला. आता जिथं जिथं रूलेटेड सापडेल तिथला थर कळला. 'त्याचा मामा आमच्या काकांचा वर्गमित्र' असं करत करत आपण लग्नाच्या मांडवात अनोळखी माणसाची ओळख काढतो, तसंच हे.

१९४७ मध्ये व्हीलर चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या ब्रह्मगिरीला गेले. अशोकाचा लघुशिलालेख तिथं आहे. तिथल्या खड्ड्यांत तीन वस्त्या एकावर एक होत्या. सर्वांत खाली, घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी वापरणारे नवाश्मयुगीन लोक. त्यांच्यावर, लोखंड वापरणारे आणि मोठमोठ्या शिळा रचून मृतांना पुरणारे महापाषाणयुगीन लोक. त्यांच्यावर, सातवाहनकालीन वस्ती, आणि तिच्यात ती ओळखीची रूलेटेड थाळी. जवळच्याच चंद्रवल्लीला तीच थाळी, सातवाहनांची नाणी आणि रोमन सम्राट टायबेरियसचं नाणं एकत्र येत होतं. खुंटी आणखी घट्ट झाली. मग व्हीलरनी वरून खाली हिशेब केला. वरची वस्ती इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यापासून. मधली महापाषाणयुगीन वस्ती साधारण इ. स. पू. २०० पासून. तळाची दगडी कुऱ्हाडींची वस्ती इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या सुरुवातीपासून. दक्षिण भारताच्या प्रागितिहासाला पहिल्यांदाच एक शिडी मिळाली.

या शिडीचं पुढं काय झालं, हे सगळ्यांत शिकण्यासारखं आहे.

कार्बनची चाचणी आली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तिची प्रयोगशाळा सुरू झाली, ती पुढे अहमदाबादला गेली. तेलंगणातल्या उतनूरला राखेच्या टेकाडाचं उत्खनन झालं. तिथल्या कोळशानं दक्षिणेतलं नवाश्मयुग थेट इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात नेऊन ठेवलं. म्हणजे व्हीलरच्या अंदाजाहून हजार-दीड हजार वर्षं मागं! कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात हल्लूर इथं लोखंडाच्या थराचा काळ इ. स. पू. १००० च्या आसपास आला. म्हणजे महापाषाणयुगही कितीतरी मागं गेलं. आणि खुद्द रूलेटेड थाळी? १९८९ ते १९९२ या काळात विमला बेगली यांनी अरिकमेडूला पुन्हा उत्खनन केलं. त्यांचं म्हणणं असं की ही थाळी रोमन व्यापार भरात येण्याच्या आधीपासून, इसवी सनाच्या किमान एक-दोन शतकं आधी, वापरात होती. अरेटाईन तिची सोबतीण खरी, पण उशिरा आलेली. नंतर पाहुणी आलेल्या बाईच्या वयावरून घरातल्या आजीचं वय काढल्यासारखं झालं.

थोडक्यात, व्हीलरच्या शिडीवरचे साल जवळजवळ सगळे हलले. मग त्यांचं काम वाया गेलं का? मुळीच नाही. आधी दगडी कुऱ्हाडी, मग महापाषाण आणि लोखंड, मग सातवाहन : हा क्रम आजही तसाच उभा आहे. कार्बनच्या आकड्यांनी शिडीची एकेक पायरी लांब केली, पण कुठलीही पायरी दुसरीच्या जागी नेऊन ठेवली नाही. हे शक्य झालं त्याचं कारण, प्रत्येक खापराच्या पिशवीवर थराचा क्रमांक होता. आकडे चुकले तरी मांडणी नीट असेल तर पुढच्या पिढीला ते आकडे दुरुस्त करता येतात. मांडणीच नसेल तर दुरुस्त करायला हातात काही उरत नाही.

मांडणी खोटी असेल तर काय होतं तेही जगानं पाहिलं आहे. १९१२ साली इंग्लंडमध्ये पिल्टडाऊन इथं वाळूगोट्यांच्या जुन्या थरातून एक कवटी आणि जबडा 'सापडला'. मेंदू माणसाचा, जबडा वानराचा. उत्क्रांतीचा हरवलेला दुवा म्हणून मोठमोठ्या विद्वानांनी डोक्यावर घेतला. जुन्या प्राण्यांची हाडं सोबतीला होती, मग शंका कुणाला येणार? पण जमिनीत पडलेलं हाड मातीतल्या पाण्यातून हळूहळू फ्लोरिन शोषत राहतं. एकाच जागी एकाच वेळी पुरलेल्या हाडांत ते साधारण सारखं असायला हवं. १९४९ मध्ये केनेथ ओकली यांनी तपासलं तर त्या कवटी-जबड्यात फ्लोरिन अगदीच कमी. सोबतची हाडं थोरली, ही धाकटी. १९५३ मध्ये पितळ उघडं पडलं : कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीनं घासलेले, वर रंग दिलेला. चाळीस वर्षं जगाला फसवणारी लबाडी अशी आधी-नंतरच्या साध्या प्रश्नानं उघडकीला आली.

हे सगळं वाचून गोव्यातल्या वाचकाला वाटेल, आपल्याकडे काय? आपल्याकडे काम अवघड आहे. पाऊस प्रचंड, जांभ्याची आम्लधर्मी माती हाडं फार काळ टिकू देत नाही. चिरेखाणी आणि खनिजाच्या खाणी यांनी किती थर उचलून नेले त्याचा हिशेब कुणाकडे नाही. आणि वस्तू मूळ जागेवर राहिल्या नाहीत, हे तर आपल्या इतिहासाचंच दुखणं. मंगेश १५६० च्या सुमारास कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. देऊळ एका काळचं, देवाची परंपरा दुसऱ्या काळची, आणि मूळ जागा तिसरीकडेच. इथं 'हे देऊळ किती जुनं?' या प्रश्नाला एकच उत्तर नसतं.

तरी आपल्याकडेही ही पद्धत काम करते. शिरोड्याला सापडलेला भोज राजा देवराज याचा ताम्रपट घ्या. तो चंद्रपुरातून, म्हणजे आजच्या चांदरहून दिलेला. त्यात राजाच्या राज्याभिषेकापासूनचं वर्ष आहे, पण शक नाही, संवत नाही. मग तो साधारण चौथ्या शतकातला हे कशावरून ठरलं? अक्षरांच्या वळणावरून. जसं शिवकालीन मोडी आणि पेशवेकालीन मोडी सरावलेल्या डोळ्याला वेगळी दिसते, तशी ब्राह्मीची अक्षरंही दर एक-दोन शतकांनी वळण बदलत गेली. ज्यांचा काळ ठाऊक आहे अशा लेखांशेजारी हा ताम्रपट ठेवला आणि त्याची जागा शोधली. पेट्रींच्या मडक्यांचीच युक्ती, इथं मडक्यांऐवजी अक्षरं. गोव्याच्या ज्ञात इतिहासाचा आरंभबिंदू असा एका तारीख नसलेल्या कागदावर, नव्हे, पत्र्यावर उभा आहे.

याउलट सांगे तालुक्यातलं उसगाळीमळ. कुशावती नदीच्या काठी जांभ्याच्या उघड्या खडकावर बैल, हरणं, मनुष्याकृती, आणि ते गाजलेलं चक्रव्यूहासारखं वर्तुळ, अशी शंभराहून अधिक चित्रं कोरलेली आहेत. १९९३ साली पां. पु. शिरोडकर यांनी ती अभ्यासकांसमोर आणली. त्यांचं वय किती? वर्तमानपत्रांतून वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात, कधी चार हजार वर्षं, कधी वीस हजार. पण उघड्या खडकावर थर नाहीत. वर काही नाही, खाली काही नाही, सोबतीला खापर नाही. एक रेघ दुसरीवरून गेली असेल तर वरची नंतरची, झीज कमी-जास्त असेल तर तो एक पुरावा, कुठले प्राणी कोरले आहेत आणि कुठले नाहीत हा दुसरा. एवढ्यावर क्रम लावता येतो, साल नाही. त्या चित्रांचं मोल यानं तसूभरही कमी होत नाही. पण कुणी छातीठोक आकडा सांगितला तर आपण अभिमानानं मान डोलवण्याआधी विचारायला हवं, 'कशावरून?'

आता एक ऐकलेली गोष्ट. ओळखीच्या एका गृहस्थांच्या भाटात घराचा पाया काढताना काही मडकी, मातीचे मणी आणि दोन नाणी निघाली. त्यांनी ती चांगल्या मनानं जपली. मडकी घासून धुतली, नाणी चिंचेनं लख्ख केली, सगळं दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मांडलं. येणाऱ्या जाणाऱ्याला ते अभिमानानं दाखवत आणि विचारत, 'किती वर्षांचं असेल?' मडकी किती खोलीवर होती? नाणी मडक्यांसोबत होती की वरच्या मातीत? मणी मडक्याच्या आत होते की बाहेर? पाया भरून झाला होता, गडी निघून गेले होते, कुणालाच आठवत नव्हतं. कपाटातल्या त्या वस्तू आता एकमेकींना ओळखत नाहीत. चिंचेच्या आंबटपणानं नाण्यांवरची अक्षरंही बरीचशी गेली. कदाचित चांदरच्या वैभवकाळाचा एखादा धागा त्या खड्ड्यात होता. आता तो कुणालाच सापडणार नाही, जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत नाही.

म्हणून वाचकहो, एवढंच सांगणं. कुळागरात, विहिरीत, पायाच्या खड्ड्यात काही लागलं तर पहिली गोष्ट म्हणजे हात थांबवा. उचलू नका, धुऊ नका. शेजारी फूटपट्टी किंवा चप्पल ठेवून, खड्ड्याची उभी कड दिसेल असे फोटो काढा. कुठली माती, किती खाली, सोबत काय, हे त्याच दिवशी कागदावर लिहा आणि वर तारीख घाला. मग राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं, असं १८७८ चा कायदा सांगतो. 'सरकार जमीन अडकवेल' ही भीती लोकांना वाटते, मी कचेरीत बसतो म्हणून ती मला चांगली ठाऊक आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असंही मी म्हणणार नाही. पण निदान फोटो आणि टिपण करायला कुणाची परवानगी लागत नाही. आपण केलेलं चार ओळींचं टिपण पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाच्या हाती पडलं, तर आपल्या गावाची जागा त्या लांबलचक रांगेत कुठं आहे ते त्याला सांगता येईल.